काळ्या तारा मधोमध

“आमच्या वेळी कॉम्प्युटर शिकायसाठी होता, खेळायसाठी नाही.” नागपूरच्या घरोघरी सध्या हे वाक्य चालू आहे आणि व्हॉट्सॲपच्या वाटेने ते इथे जर्मनीतल्या कार्ल्सरूहपर्यंत येऊन पोचतं. निमित्तं दोन. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. डिसेंबरात ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खाती ठेवायला मनाई केली. काकाजी मंडळींनी दोन्हींची भेळ करून निष्कर्ष काढला: गेम म्हणजे व्यसन. पोट्ट्यांच्या हातून काढा, घरात कॉम्प्युटर आणूच नका, अभ्यासाला मोबाईल पुरते.

हे म्हणणारे निम्मे लोक माउस धरायला पत्ते खेळूनच शिकले. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लागायचं म्हणून चाळिशी-पन्नाशीतली मंडळी ऑफिस सुटल्यावर क्लासला जायची, आणि सर पहिल्या दिवशी सॉलिटेअर उघडून द्यायचे. बटण दाबायचं, दाबून धरूनच ओढायचं, नेमक्या जागी सोडायचं, हे हाताला शिकवायला पत्त्यांइतकं सोपं काही नव्हतं. १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो डाव आला. माइनस्वीपरने उजवं-डावं बटण वेगळं असतं हे समजावलं. मग फ्रीसेल, पत्त्यांचाच दुसरा खेळ. त्यात क्रमांक घातलेले ३२,००० डाव होते आणि त्यातला ११९८२ हा एकच डाव सुटत नाही. हा आकडा तोंडपाठ असलेले निवृत्त हेडक्लार्क महालात आणि प्रतापनगरात शोधले तर आजही सापडतील. त्यांनी आता नातवाला “खेळू नको बे” म्हणावं, हे जरा जास्तच झालं.

बरं, कायदा तरी वाचा. त्याने बंद केलंय ते पैसे लावणं. शिक्षा आहे ती असा धंदा चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे आणि साध्या, पैसे न लावलेल्या खेळांना जागा आहे. म्हणजे काकाजी ज्या कायद्याचा दाखला देऊन राहिले, तो त्यांच्या विरुद्ध बोलतो. ऑस्ट्रेलियाचा नियम तर सोशल मीडियाचा, गेमचा नाहीच.

आता ‘शिकायसाठी’ या शब्दाकडे येऊ.

नव्वदच्या दशकात धरमपेठेत काय, नंदनवनात काय, घरात कॉम्प्युटर आला की त्याच्याभोवती माणसांची उतरंड ठरलेली असायची. खुर्चीवर व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा मावसभाऊ. ते कॉलेज व्हीएनआयटी झालं २००२ मध्ये; ही त्याआधीची गोष्ट. त्याच्या मागे उभा तो पैसे भरलेला काका किंवा मामाजी. आणि सगळ्यात लहान पोट्टं टॉर्च धरायला. टॉर्च धरणं हे या शाळेतलं पहिलं पद. दुसरं पद म्हणजे काढलेले स्क्रू वाटीत वेगवेगळे ठेवणं: जाड आट्यांचे कॅबिनेटचे आणि हार्ड डिस्कचे, बारीक आट्यांचे फ्लॉपी आणि सीडी ड्राइव्हचे. जाड स्क्रू बारीक भोकात दामटला की आटे गेले. तिसऱ्या पदावर कनेक्टर लावायला मिळायचे, आणि तिथे घरातल्या मोठ्यांची खरी गरज असायची.

त्या काळच्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसकडून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, मदरबोर्डकडे दोन सुटे कनेक्टर जायचे, पी-८ आणि पी-९. दोन्हींना सहा-सहा तारा, दिसायला सारखे, आणि एकाच्या जागी दुसरा आरामात बसायचा. अदलाबदल करून बटण दाबलं की मदरबोर्ड गेला. वाचवणारा नियम एकच होता: काळ्या तारा मधोमध. पी-८ च्या शेवटच्या दोन काळ्या आणि पी-९ च्या पहिल्या दोन काळ्या शेजारीशेजारी यायला पाहिजेत. काळ्या तारा म्हणजे ग्राउंड. त्या कडेला गेल्या की जिथे ग्राउंड हवं तिथे पाच व्होल्ट येतात. दुसरा धोका याहून मोठा. एटी कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत थेट घरातले २३० व्होल्ट यायचे. बटणामागच्या चार तारांच्या टोप्या सैल असल्या आणि प्लग भिंतीत राहिला असला, तर टॉर्च धरणाऱ्याचं काही खरं नव्हतं. १९९५ नंतर एटीएक्स आलं, वीस पिनांचा एकच कनेक्टर, उलटा बसतच नाही असा. यंत्र शहाणं झालं तशी मोठ्या माणसाची गरज कमी झाली, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं कुणी हिशेब लिहिण्यासाठी केलं नाही. घरच्या हिशेबाला आहे ते यंत्र भरपूर होतं. झाकण उघडलं जायचं ते गेमसाठी. १९९३ च्या डूम या गोळीबाराच्या गेमला ४ एमबी रॅम लागायची आणि घरात असायची २; आवाज हवा तर साउंड कार्ड लागायचं. कार्ड बसलं तरी निम्मंच काम व्हायचं, कारण डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीत ८ एमबी रॅम असली तरी बहुतेक गेमच्या वाट्याला पहिले ६४० केबीच. त्यातून डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर. उरायचे ५४०, गेम मागायचा ५८०. मग ‘मेम /सी’ टाकून कोण किती जागा खातो ते बघायचं. कॉन्फिग.सिस फाइलमध्ये मेमरी सांभाळणाऱ्या दोन प्रोग्रामच्या ओळी, आधी हायमेमची, तिच्याखाली ईएमएम३८६ ची, मग ‘डॉस=हाय,यूएमबी’. क्रम चुकवून ईएमएम३८६ वर नेलं तर ते चालूच होत नाही. माउसच्या ओळीआधी ‘एलएच’ लावलं की ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात पाहुणे आले की पोरांच्या गाद्या गच्चीवर जातात, तसंच. आवाजासाठी ‘ए२२० आय५ डी१’, म्हणजे कार्डचा पत्ता, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार) आणि डीएमए (मेमरीतून थेट माहिती घ्यायची वाट). इंटरप्ट ७ दिला आणि प्रिंटरही ७ वर असला की आवाज अडखळायचा, नाहीतर गेम जागीच गोठायचा.

एक गेम चालवायला मेमरीची वाटणी आणि हार्डवेअरची भांडणं समजून घ्यावी लागत होती, आणि समजावणारा घरातलाच कुणीतरी असायचा. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या पहिल्या आवृत्तीत ‘प्रिन्स मेगाहिट’ आणि १.४ मध्ये ‘प्रिन्स इम्प्रूव्ह्ड’ असं टाइप करून गेम उघडला की शिफ्ट-एलने पातळी ओलांडता येते, हे ज्ञानसुद्धा मोठ्या भावाकडून लहान भावाकडे, भाच्याकडे असंच सरकलं. चकल्यांचं प्रमाण जसं सरकतं तसं. याला ‘शिकणं’ म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

“तिकडे बसून शहाणपण शिकवून राहिला” हे उत्तर येणार. येऊ द्या. तिकडे काय आहे तेही सांगतो.

इथल्या मुलाला सहाव्या वर्षी स्वतःची खोली मिळते, आणि खोलीला दार असतं. होर्टमधून, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरातून, साडेचारला घरी, मग किचनमधला अंड्याचा टायमर लावून मोजून पाऊण तास मीडिया. गेमच्या खोक्यावर यूएसके या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेचा रंगीत चौकोन असतो, ०, ६, १२, १६, १८, आणि दुकानदार तो पाळतो. २०२३ पासून हा चौकोन ठरवताना गेममधल्या खरेदीचाही विचार होतो. हे आपल्याकडे यायलाच पाहिजे, यात वाद नाही. पण डूम इथे १९९४ मध्ये मुलांसाठी घातक म्हणून यादीत टाकला होता. दुकानात उघडा मांडायचा नाही, जाहिरात करायची नाही. यादीतून काढला २०११ मध्ये. ज्यांच्यापासून तो लपवला ती मुलं तोवर तिशीत गेली होती आणि त्यातल्या कितीतरी जणांनी तो शाळेच्या दप्तरातल्या फ्लॉपीवरून कधीच खेळून टाकला होता.

आणि ओमा-ओपा, म्हणजे आजी-आजोबा? ते दुसऱ्या गावात. वाइनाख्टनला, म्हणजे नाताळात येतात, खोकं भेट देतात, आतलं काय आहे ते विचारत नाहीत. कार्ल्सरूहला जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्यात झेडकेएम नावाचं कलाकेंद्र आहे, तिथे जुने-नवे गेम खेळायला मांडलेत. आजोबा आणि नात एकाच बाकावर बसलेले दिसतात ते तिथे, तिकीट काढून. आपल्या अंबाझरीच्या कारखान्यात अजून दारूगोळाच होतो, पण आजोबा आणि नात एका दिवाणावर बसायला नागपुरात तिकीट लागत नाही. निदान लागत नव्हतं. याच दोन शहरांमध्ये युरोपीय संघाच्या कार्यक्रमातून पाण्याचे, वाहतुकीचे सहकार्याचे कागद झालेत. हॉलमध्ये कॉम्प्युटर कुठे ठेवावा यावर कलम घातलं असतं तर आम्हीच इथल्यांना शिकवलं असतं.

कारण प्रश्न जागेचा आहे. मोबाईलचा पडदा सहा इंचांचा, एकट्याला दिसेल एवढाच. त्यात गेम, बापाचं यूपीआय आणि साठवलेलं कार्ड एकाच काचेखाली. ‘कॉइन’ विकत घ्यायचं बटण आणि पैसे जायचं बटण यांत बोटभर अंतर. डेस्कटॉपवर यूपीआय नसतं. पैसे द्यायचे तर पोट्ट्याला उठून आईकडे जावं लागतं, आणि त्या दहा पावलांत बरंच काही वाचतं. मोबाईल द्यायचाच असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड मागायचा पर्याय चालू करा आणि तो पासवर्ड मुलाची जन्मतारीख ठेवू नका. २०२५ च्या जुलैत विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसली तेव्हा त्यांनी सांगितलं की ते आपोआप आलेलं बंद करत होते. त्यावर सगळे हसले. ते कोपऱ्यातलं बारीक फुलीचं बटण मुद्दाम असं बनवलेलं असतं की मोठ्या माणसाचं बोटही चुकतं; मग आठ वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा करता?

तेव्हा कॉम्प्युटर घ्या. ऑफिसांमधून निघालेला, सहाव्या ते आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, एवढं पुरे. विंडोजमध्ये मुलाचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड आईकडे किंवा काकाकडे. आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, तेवढं दुकानात विचारून घ्या. सहावी-सातवी घेतली तर लिनक्स टाका, मुलं आपल्यापेक्षा लवकर रुळतात. पडदा भिंतीकडे पाठ करून, खोलीकडे तोंड करून.

नागपुरात यंत्र मरतं ते गेमने मरत नाही, मे महिन्याने आणि कुलरने मरतं. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले आणि जगभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. बिचारं इलेक्ट्रॉनिक्सच ते, तेही वैतागलं असणार. बाहेर ४५ असताना कुलर खोली ३२ वर आणतो, पण हवेत पाणी भरून. रस्त्याची धूळ आणि कुलरच्या ताट्यांचा ओलावा मिळून प्रोसेसरच्या हीटसिंकवर नमद्यासारखा थर बसतो. पंखा फिरतो, हवा जात नाही, ९५-१०० अंशांना प्रोसेसर आपला वेग पाडतो. घरचे म्हणतात, “पोट्ट्याने गेम टाकून कॉम्प्युटर स्लो केला.”

करायचं ते असं. कॅबिनेट जमिनीपासून सहा इंच वर, कुलरच्या थेट झोतात नाही, दारं असलेल्या टेबलाच्या कप्प्यात तर मुळीच नाही. होळीनंतर एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा झाकण उघडा. प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमधला उरलेला करंट जातो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. हीटसिंक काढलाच तर जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढा नवा थेंब मधोमध, आणि चार स्क्रू तिरके-तिरके थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी घट्ट केली की पेस्ट दुसरीकडे पळते. तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी बदला. रॅमच्या बीपा वाजल्या तर पट्टी काढून तिची सोनेरी बाजू शाळेच्या साध्या खोडरबराने घासा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर चप्पल घालून बसणं हा उपाय नव्हे. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यामुळे पत्र्यावर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्ट उभे राहतात. काळी माती उन्हाळ्यात वाळून फाटते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि प्लगची तिसरी पिन नावापुरती उरते. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता, तरी झिणझिण्या राहिल्या तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. यूपीएस ६०० व्हीएचा घेतला तर त्यात साधारण ३६० वॅट मिळतात आणि आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी. गेम चालू असताना तिच्यावर दहा-पंधरा मिनिटं, सेव्ह करून बंद करण्यापुरती. ती गरम कोपऱ्यात ठेवू नका. दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं.

हे सगळं काकाजींना येतं. चीड त्याचीच आहे. ज्याने काळ्या तारा मधोमध लावायला शिकवलं तोच माणूस नातवासमोर यंत्र आणू नका म्हणून राहिला. हात थरथरतात आता, स्क्रू दिसत नाहीत, म्हणून बंदीच बरी वाटत असावी. पण टॉर्च धरणारं पोट्टं घरात आहे की.

आणि आम्ही? आमची मुलं दार असलेल्या खोलीत वाढतात, हे कबूल करायला हवं. त्यांच्या मागे उभा राहणारा मामाजी साडेसहा-सात हजार किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. कार्ल्सरूहच्या रविवारच्या चार वाजता नागपुरात साडेसात, दिवेलागण होऊन गेलेली. तेव्हा दोन्हीकडून एक गेम लावता येतो, पण निवडून. इथून नागपूरला संदेश जाऊन यायला दीडशे मिलिसेकंद धरा. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या तेव्हा याहून जास्त. क्रिकेटच्या गेममध्ये एवढ्यात बॉल यष्ट्यांवर गेलेला असतो. गोळीबाराच्या गेममध्ये नागपूरचा खेळाडू कोपऱ्यावर येण्याआधीच मेलेला. बुद्धिबळ, कॅरम चालतात. एज ऑफ एम्पायर्ससारखे गेम छान चालतात, कारण तिथे प्रत्येकाचा हुकूम सगळ्यांकडेच थोडा उशिरा अमलात येतो. उशीर समान वाटून घेतला की कुणालाच जाणवत नाही. माइनक्राफ्टमध्ये घर बांधता येतं, उड्या मारून भांडता येत नाही. सर्व्हर मुंबईचा घ्यायचा, म्हणजे उशीर इकडच्यांच्या वाट्याला येतो. ते बरोबरही आहे; गेलो आम्ही.

दुरुस्तीचं मात्र जमत नाही. पूर्वी नागपूरचं यंत्र अडलं की फोन यायचा, तिकडून एनीडेस्कचा (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या प्रोग्रामचा) लांबलचक आकडा वाचून दाखवला जायचा आणि इथून माउस हलवला की काकाजी तिकडे “हो हो, हललं” म्हणायचे. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी श्टुटगार्टची, इथून रेल्वेने तासाभरावर. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना इशारा दिला की हेच साधन वापरून लोकांची खाती रिकामी होत आहेत, आणि तेव्हापासून आकडा कुणालाही सांगू नका हे काकाजींच्या मनावर पक्कं बिंबलं. इशारा योग्यच होता. मात्र परदेशातून फोन, घाईचा आवाज, “आकडा सांगा, मी बघतो” ही ठगाची जेवढी लक्षणं बँक सांगते तेवढी सगळी आम्हाला लागू पडतात.

म्हणून मग डिसेंबर. हिवाळी अधिवेशनासारखे आम्हीही दहा-बारा दिवस नागपुरात येतो, विदर्भाचं काय चुकतं ते सांगतो आणि परत जातो. यंदा येताना सामानात थर्मल पेस्टची चार ग्रॅमची नळी ठेवायची, सीआर२०३२ च्या दोन बॅटऱ्या केबिन बॅगेत ठेवायच्या कारण लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत, आणि एक चांगला टॉर्च. ब्लोअर नागपुरात बर्डीवर मिळतो.